वाचून दाखवणे : चार क्रेडिट

तारीख चौदा जून. रक्कम साठ हजार रुपये. हजर : संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य बाई, सर, योगेश आणि नोंद घ्यायला मी.

इतिवृत्ताच्या पहिल्या पानावर एवढंच आहे आणि ते बरोबर आहे. नाशिकच्या आमच्या लॉ कॉलेजला तेव्हा नुकतीच स्वायत्तता मिळाली होती. म्हणजे बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या पदवीत काय शिकवायचं, हे वरचे नियम सांभाळून आमचं आम्हाला ठरवता येणार होतं. ते काम सरांकडे द्यायचं, त्याचं मानधन साठ हजार, आणि ते अभ्यासक्रम मंजूर झाल्यावरच द्यायचं, असं त्या दिवशी ठरलं. 'मंजूर झाल्यावरच' या शब्दांखाली अध्यक्षांनी मला रेघ ओढायला लावली.

मी कॉलेजचा लेखापाल. वकिली मला कळत नाही. पण दर वर्षाची क्रेडिट, तास आणि शिक्षकांचा पगार यांचा मेळ कुणीतरी घालावा लागतो, म्हणून मला बसवलं होतं.

अध्यक्ष म्हणाले, "सर, आपली मुलं पाच वर्षांनी बाहेर पडली की वकील दिसली पाहिजेत."

सर म्हणाले, "दिसायला कोट पुरे. तो सीबीएस स्टँडजवळ शिवून मिळतो."

अध्यक्ष हसले. प्राचार्य बाई हसल्या नाहीत. योगेश सरांकडे बघत होता. तो सरांचा जुना विद्यार्थी, मूळचा सायखेड्याचा, आता आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवत होता. जितके तास, तितके पैसे. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी त्याला पगाराविना जायची. घरी बायको आणि वर्षाची मुलगी होती. दर महिन्याला त्याचं बिल मीच काढायचो.

सर कायद्याचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले तेव्हा त्यांचं वय पन्नाशीपुढे होतं. त्याआधी ते कोर्टात वकिली करत. ती का सोडली ते त्यांनी कधी सांगितलं नाही. लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगायचे. त्यातली एकही मला पटलेली नाही, म्हणून इथे देत नाही. मला माहीत आहेत त्या त्यांच्या सवयी.

पहिली सवय सहीची. वाचल्याशिवाय सर कशावरही सही करत नसत, आणि वाचायचं म्हणजे मोठ्याने वाचायचं. रोज सकाळी ऑफिसात येऊन ते मस्टरचं अख्खं पान वाचत. वरचं कॉलेजचं नाव, महिना, सगळ्यांची नावं, आणि मग आपल्या नावापुढे सही. पाठीमागे शिपायापासून प्राध्यापकांपर्यंत रांग. कुणी घाई केली की म्हणत, "काल या कागदावर जे होतं तेच आज आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" बँकेत एकदा ते खात्याचा फॉर्म वाचायला लागले. त्या दिवशी मी त्यांच्यासोबत होतो. काउंटरवरच्या मुलीने शेवटी कॅशियरला सांगितलं, "तुम्ही जेवून घ्या, इथे पारायण सुरू आहे."

अशोकस्तंभाजवळ तिसऱ्या मजल्यावर ते एकटे राहत. एकदा मी तिथे असताना पार्सल देणारा मुलगा आला. त्याने फोन पुढे केला आणि म्हणाला, "काका, बोटाने सही करा."

"काय लिहिलंय ते वाच."

"काही नाही लिहिलेलं. नुसती चौकट आहे."

"मग मी सही कशावर करतोय?"

"काका, सगळे करतात."

"सगळे करतात म्हणूनच मला पंचवीस वर्षं काम मिळालं."

मुलगा पार्सल घेऊन परत गेला. मी विचारलं, "काय होतं?" सर म्हणाले, "डोळ्यांचे थेंब. मेडिकलमधून आणीन." आणले की नाही, ते मी विचारलं नाही.

सिटी बसमध्ये ते शेजारच्या माणसाला विचारत, "तुमची कुठे केस आहे का?" नाशिकच्या बसमध्ये कोर्टाकडे जाणारा माणूस नाही असं होत नाही. होय म्हटलं की पुढचा प्रश्न, "वकील काय म्हणाला?" माणूस सांगे, "पुढची तारीख पडली." "का पडली?" "ते काय माहीत नाय." सरांनी मला सांगितलं, की इतक्या वर्षांत तारीख का पडली हे सांगू शकणारे फार थोडे लोक भेटले. मी आकडा विचारला. म्हणाले, "हिशेबनीस, तो सांगितला तर तुम्ही टक्केवारी काढाल."

मला ते हिशेबनीसच म्हणत. मला राग येत नसे.

पदवीचा आराखडा त्यांनी ऑगस्टमध्ये आणला. नियमाने शिकवावेच लागतात ते पेपर होते तसेच होते. करार, गुन्हे, मालमत्ता, पुरावा, दिवाणी आणि फौजदारी काम. बाकी जी जागा आपल्या हातात होती, तिथे त्यांनी आपलं घातलं होतं. पहिल्या वर्षी आठवड्यातून एक दिवस मुलांनी कोट न घालता कोर्टाच्या व्हरांड्यात बसायचं आणि बाहेर पडणाऱ्या पक्षकाराला आत काय झालं असं वाटलं, ते लिहून आणायचं. शेवटच्या वर्षी एक पेपर होता, 'पहिली तीन वर्षं'. ज्युनिअर वकिलाला सीनिअर किती देतो, खोलीचं भाडं किती, आणि भाडं थकलेलं असताना कुणी खोटं प्रतिज्ञापत्र करून मागितलं तर काय करायचं. तो पेपर अर्धा मी शिकवावा असं त्यांनी सुचवलं होतं. मी म्हटलं, "सर, मी बी.कॉम. आहे."

"म्हणूनच. वकिलांना महिन्याचा हिशेब येत नाही. त्यातून पुढचं सगळं होतं."

पण या सगळ्याच्या मुळाशी एकच पेपर होता. तो पाचही वर्षं होता, दर वर्षी चार क्रेडिट, सक्तीचा. नाव 'वाचून दाखवणे'.

त्याची रीत सोपी होती. विद्यार्थ्याला एक कागद द्यायचा. भाडेकरार, जामिनाचा कागद, तडजोड झाल्याचं कोर्टाला कळवणारी पुरसीस, बक्षीसपत्र. समोर कायद्याशी संबंध नसलेला एक माणूस बसवायचा. विद्यार्थ्याने त्याला तो कागद वाचून, समजावून द्यायचा. मग विद्यार्थी बाहेर जाणार, परीक्षक आत येणार आणि त्या माणसाला विचारणार : आता तुम्ही सांगा, कागदात काय आहे? तो जेवढं बरोबर सांगेल, तेवढे विद्यार्थ्याला मार्क.

प्राचार्य बाई म्हणाल्या, "म्हणजे आमच्या मुलांचे मार्क मेसमधल्या मावशींच्या हातात?"

"पाच वर्षांनी त्यांचं पोट कुणाच्या हातात असणार आहे?"

"सर, हे विद्या परिषदेत कसं मांडू मी?"

"जसं आहे तसं. आणि बाई, एक लिहून ठेवा. हा पेपर काढला तर बाकीची पदवी माझ्या नावावर घालू नका. उरतं ते पाठांतर आहे. ते गाइडमध्येही मिळतं."

अध्यक्षांच्या मनात वेगळं होतं. एका कंपनीने कॉलेजला संगणकांची खोली बांधून द्यायची तयारी दाखवली होती. तिची अट अशी, की पाच वर्षांत वीस क्रेडिट तिने सुचवलेल्या विषयांना मिळावीत. वीस क्रेडिट रिकामी नव्हती. हिशेब माझ्यासमोर होता. पाच वर्षं गुणिले चार, वीस.

म्हणून ठरलं, की आधी एक सत्र प्रयोग करून बघू. दिवाळीनंतर दुसऱ्या वर्षाच्या वर्गावर. त्या वर्गात माझी मुलगी मुग्धा होती.

ऐकायला माणसं सरांनी स्वतः जमवली. मखमलाबादहून फुलं घेऊन येणारे एक काका, सातपूरच्या कारखान्यात पाळीवर जाणारे एक गृहस्थ, आणि मेसमध्ये पोळ्या करणारी हिराबाई. हिराबाई पेठकडची. नवरा द्राक्षबागांच्या कामाला यायचा, त्याच्या पाठोपाठ ती शहरात आली आणि राहिली.

सातपूरचे गृहस्थ पहिल्याच दिवशी रात्रपाळी करून आले. आमचा एक विद्यार्थी राज्यभरच्या वादस्पर्धा जिंकून आलेला होता. त्याने जामिनाचा कागद असा वाचला, की बाहेर उभे असलेले आम्ही ऐकत राहिलो. आत गेलो तर गृहस्थ भिंतीला टेकून झोपलेले. मुलगा म्हणाला, "सर, ते झोपले त्याला मी काय करू?"

"रात्रपाळीचा माणूस झोपणारच. पण जामीन राहून घर गेल्यावर त्याला झोप लागणार नाही. शून्य."

सर मार्क तोंडी सांगत आणि योगेश लिहून घेई. सरांच्या लहरींत आणखी एक भर, एवढंच आम्हाला वाटलं. त्याच सुमारास मस्टरही ते स्वतः वाचेनासे झाले. "वाच," असं शिपायाला सांगत, ऐकत, आणि मग आपल्या ओळीवर अंगठ्याचं नख ठेवून सही करत. शिपाई कंटाळला. म्हणाला, "आता पारायण माझ्या गळ्यात आलं."

मुग्धाला हिराबाई आली. कागद भाडेकराराचा. मुग्धाने तो स्वच्छ, स्पष्ट वाचला, कठीण शब्दांचे अर्थ सांगितले आणि नमस्कार करून बाहेर आली. सरांनी विचारलं, "हिराबाई, काय कळलं?"

"पोरगी लय गोड बोलती."

"कागद काय म्हणतो?"

"मला खोली भाड्यानं भेटली."

"किती महिने?"

"ते नाय माहीत."

"मालकाने मधेच जा म्हटलं तर?"

"जायाचं. आजवर कुनी ऱ्हा म्हनलंय का?"

वीसपैकी तीन. मुग्धाने विचारलं, "तीन तरी कशाचे, सर?"

"गोड बोललीस त्याचे."

घरी त्या दिवशी कुणी नीट जेवलं नाही. माझी बायको म्हणाली, "वर्षाला एवढी फी भरतो, आणि पोळ्यावाली बाई आपल्या मुलीला नापास करते." दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेलो. पालक म्हणून गेलो होतो आणि ते त्यांना दिसताक्षणी कळलं असं मी आजवर समजत होतो. आता वाटतं, माझ्या पावलांवरून कळलं असेल.

"बसा हिशेबनीस. तुमच्या मुलीने अकरा महिन्यांचा करार वाचला. हिराबाईच्या डोक्यात त्यातला एकही महिना गेला नाही. आता तुम्ही सांगा, किती द्यायचे?"

मी खुर्ची ओढून बसलो.

"पुन्हा बसता येतं. कितीदाही. फी नाही."

मुग्धा पुन्हा बसली. या वेळी ती दुपारभर मेसच्या मागे हिराबाईबरोबर मेथी निवडत होती. कागद मांडीवर उलटा. तिने हिराबाईला आधी तिच्या खोलीचं विचारलं. मालक कोण, पैसे कधी देते, पावती मिळते का. मग कागदातलं एकेक कलम त्या खोलीत नेऊन ठेवलं. परीक्षा झाली तेव्हा हिराबाईने सरांना सगळं सांगितलं आणि वर विचारलं, "यात पावतीचं काय लिव्हलंच नाय, ते कसं काय?" मुग्धाला पंधरा मिळाले. पाच कशाला कापले, ते सरांनी सांगितलं नाही. तिनेही या वेळी विचारलं नाही.

फुलवाले काका लग्नसराई सुरू झाल्यावर यायचे थांबले. सातपूरचे गृहस्थ परत आलेच नाहीत. सत्र संपेपर्यंत उरली ती हिराबाई. पोळ्या झाल्या की हात पुसत यायची आणि खुर्चीवर बसायची. तिला या कामाचे पैसे द्यावेत म्हणून मी टिपण पाठवलं होतं. अशी तरतूद नाही असा शेरा येऊन ते परत आलं.

मार्चअखेर लेखापालाला दुसरं काही दिसत नाही. बँका, बिलं, लेखापरीक्षण. म्हणून अभ्यासक्रमाचा अंतिम मसुदा आणि क्रेडिटचा तक्ता प्राचार्य बाईंच्या खोलीत तयार झाला, आणि तो केला योगेशने. नियम असा, की मसुद्याच्या प्रत्येक पानावर अभ्यास मंडळाच्या अध्यक्षाची सही लागते. ती सही सरांची. योगेश मसुदा घेऊन अशोकस्तंभावर गेला, सरांना वाचून दाखवला आणि सगळ्या पानांवर सह्या घेऊन आला. सर म्हणायचे, "योगेश वाचतो तेव्हा कागदच बोलतो." गेले काही महिने त्यांचं वर्तमानपत्रही तोच वाचायचा.

एप्रिलमध्ये विद्या परिषदेची बैठक झाली. छापलेलं पुस्तक प्रत्येकापुढे ठेवलेलं. बाहेरचे सदस्य म्हणून एक निवृत्त न्यायाधीश आले होते. सर माझ्या शेजारी बसले. पुस्तकावर हात फिरवला आणि म्हणाले, "हिशेबनीस, अनुक्रमणिका वाचा."

मी पहिलं वर्ष वाचलं.

"पुन्हा वाचा."

पुन्हा वाचलं. 'वाचून दाखवणे' नव्हतं. त्या जागी कंपनीच्या विषयांतला पहिला होता. सर म्हणाले, "पुढे." मी दुसरं वर्ष वाचलं, तिसरं वाचलं. तोवर टेबलाभोवतीचं बोलणं थांबलं होतं. पाचवं वर्ष वाचून झालं. मग शेवटचं पान उलटल्यावर छोट्या टाइपात सापडलं : 'इच्छुक विद्यार्थ्यांसाठी उपक्रम – वाचन. गुण नाहीत.'

सर म्हणाले, "हे मी केलेलं नाही."

अध्यक्षांनी शांतपणे मूळ मसुदा पुढे सरकवला. "सर, प्रत्येक पानावर तुमची सही आहे. शेवटच्या पानावरसुद्धा."

"आहे. मला वाचून दाखवलं होतं."

न्यायाधीश म्हणाले, "यातलं हे पान वाचून दाखवलं नाही, असं तुमचं म्हणणं?"

"मी जे ऐकलं ते मी परत सांगितलं. 'बरोबर' असं उत्तर आलं. मग सही केली."

"वाचलं कुणी?"

सरांनी पुढ्यातलं पुस्तक मिटलं. योगेश समोर भिंतीशी बसला होता. त्याच्या मांडीवर फाइल होती आणि तिच्यावर दोन्ही हात.

न्यायाधीश जुन्या सवयीने थांबले, मग म्हणाले, "सर, तुमची ख्याती मी ऐकून आहे. वाचल्याशिवाय तुम्ही सही करत नाही. मग या वेळी स्वतः का वाचलं नाही?"

"मला दिसत नाही."

प्राचार्य बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "म्हणजे चष्मा..."

"चष्म्याचं नाही. दिवाळीपासून दिसत नाही. काचबिंदू. तुम्हाला सांगितलं असतं तर हे काम माझ्याकडून काढून घेतलं असतं. म्हणून सांगितलं नाही."

मला मस्टर आठवलं, अंगठ्याचं नख आठवलं. सगळं आमच्या समोर होतं. त्यांचा विक्षिप्तपणा इतका जुना होता, की त्याच्या आड माणूस आंधळा झाला तरी कुणाला पत्ता लागला नाही.

न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं, "नाव सांगा. मग या सहीचं काय करायचं ते आपण बघू."

आता मला वाटतं, सगळं तिथेच ठरणार होतं. नाव घेतलं असतं तर मसुदा परत गेला असता, पेपर कदाचित वाचला असता, आणि योगेशची तासिकाही गेली असती. सरांनी मसुदा अध्यक्षांकडे परत सरकवला. मग म्हणाले, "चूक माझ्या पेपरात आहे. वाचणाऱ्याने वाचावं, ऐकणाऱ्याने परत सांगावं, एवढंच मी लिहिलं. वाचणारा कोणाचा माणूस आहे, हे आधी विचारायचं, ते लिहायचं राहिलं. पाच वर्षांची पदवी आखली आणि पहिलाच प्रश्न राहिला."

अभ्यासक्रम एकमताने मंजूर झाला. सर तटस्थ राहिले, अशी नोंद मी घेतली.

बाहेर पडताना मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला. जिन्यात मी म्हटलं, "सर, मंजुरी झाली. मानधनाचं व्हाउचर करतो."

"मी केलं ते मंजूर झालं नाही. मंजूर झालं ते मी केलेलं नाही. माझे कसले पैसे?"

"पण खात्यात तरतूद पडून राहील. कुणाला तरी द्यावेच लागतील."

"मग हिराबाईला द्या. परीक्षा तिने घेतली. मी नुसते मार्क सांगायचो." जिना उतरल्यावर म्हणाले, "मेसकडे घेऊन चला."

मेसमध्ये हिराबाई परात घासत होती. सर तिथल्या बाकावर बसले आणि म्हणाले, "हिराबाई, तुम्हाला एक प्रश्न शिकवायचा राहिला होता." तिने हात पुसले आणि समोर येऊन बसली. सरांनी तिला तो प्रश्न सांगितला आणि परत म्हणून घेतला.

मे महिन्यात मी संमतीपत्र तयार केलं, की माझं मानधन माझ्या इच्छेने अमुक बाईंना द्यावं. ते घेऊन सरांकडे गेलो. दार उघडं होतं. सर खिडकीशी बसले होते. मी म्हटलं, "सर, संमतीपत्र आणलंय. वाचतो."

"नको."

"दहा ओळी आहेत."

"कुठे करायची, बोट ठेवा."

मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. मी वाचत असतानाच त्यांनी हात पुढे केला होता. बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली. मी तिथे असतानाच पार्सलवाला आला, तोच मुलगा. सरांनी काही न विचारता हवेत बोट धरलं. मुलाने ते फोनवर टेकवलं आणि माझ्याकडे बघितलं. तोही गोंधळला होता.

त्यानंतर सर कुणालाच काही वाचायला सांगत नसत. वर्तमानपत्र बंद केलं. जुलैत योगेश कायम झाला. पहिल्या पगाराच्या स्लिपसाठी तो माझ्या टेबलाशी आला आणि उभाच राहिला.

"सर माझ्याबद्दल काही बोलले का?"

"नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

तो बसला. म्हणाला, "मी खोटं एक अक्षर वाचलं नाही, साहेब. पहिल्या वर्षापासून प्रत्येक ठिकाणी ते चार क्रेडिट आले की थांबायचो आणि पुढचा विषय घ्यायचो. तो पेपर आहेच असं धरून सर ऐकत होते. सगळं परत सांगितलं त्यांनी, माझ्यापेक्षा नीट. त्यातही तो पेपर आपल्या जागी होता. मी म्हटलं, बरोबर." मग म्हणाला, "त्या दिवशी ते माझं नाव घेतील म्हणून मी वाट बघत होतो. घेतलं असतं तर बरं झालं असतं."

मी त्याला स्लिप दिली. आकडे बरोबर होते.

दिवाळीआधी सरांचा पुतण्या धुळ्याहून आला आणि त्यांना घेऊन गेला. अशोकस्तंभाचा फ्लॅट विकला. इमारतीखाली इस्त्रीचं दुकान आहे. त्या इस्त्रीवाल्याला साक्षीदार म्हणून वर बोलावलं होतं. त्याला मी विचारलं, "कागद वाचून दाखवले का सरांना?"

"सरांनी विचारलंच नाही. कुठे करू, एवढंच म्हणाले." त्याने इस्त्री फिरवली. "भाऊ, तेच सर का हे? माझ्या दुकानाच्या पावतीवर सही करायला मला अर्धा तास उभं करायचे."

धुळ्याचा पत्ता माझ्याकडे आहे. मी अजून गेलेलो नाही.

साठ हजारांचा चेक अध्यक्षांच्या सहीसाठी बराच काळ अडकला होता. नोव्हेंबरात सुटला. मी व्हाउचर, रेव्हेन्यू तिकीट आणि शाईचा पॅड घेऊन मेसमध्ये गेलो. नवीन संगणकांची खोली तिथून दिसते. हिराबाईला समोर बसवलं आणि वाचायला सुरुवात केली, "मी खाली अंगठा करणार..."

"थांब भाऊ," ती म्हणाली. "आधी सांग, तू कोनाचा मानूस?"

मी म्हटलं, "हिराबाई, मी. रोजचा."

"ते दिसतंय. कोनाचा?"

"संस्थेचा."

"मग तू नको वाचू. दुसरं कुनी बोलाव."

मी मुग्धाला वर्गातून बोलावलं. हिराबाईने तिलाही तेच विचारलं. मुग्धाने थोडा विचार केला आणि सांगितलं, "यांची मुलगी आहे, मावशी. पण यातला एक पैसाही आमच्याकडे येत नाही. हवं तर दुसऱ्या कुणाला बोलावते." हिराबाईने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "वाच."

मुग्धा सावकाश वाचत गेली. साठातले सहा हजार का कापले, ते समजावायला सगळ्यात जास्त वेळ लागला. ते सरकारला सरांच्या नावाने का जातात, हे हिराबाईने दोनदा विचारलं. मग तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं परत सांगितलं. शेवटी म्हणाली, "सरांस्नी हे वाचून दावलं हुतं का?"

मी सांगितलं, "वाचलं होतं. पण त्यांनी परत सांगितलं नाही."

तिने पॅड पुढे ओढला.

दिलेली रक्कम चोपन्न हजार रुपये, चेकने, हिराबाईला. कर सहा हजार, सरांच्या नावे भरला. पोच : डाव्या हाताचा अंगठा, वाचून दाखवल्यावर.